एक महिना, दोन चित्रपट : बीटल्सचे जानेवारी १९६९ मधील ध्वनिमुद्रण आणि त्याचा इतिहास

प्रस्तावना

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातून पुढे आलेल्या बीटल्स या चौघांच्या बँडने जानेवारी १९६९ मध्ये नव्या गाण्यांची तयारी सुरू केली आणि ती चालू असताना सर्व प्रक्रियेचे चित्रीकरणही करवून घेतले. या चित्रीकरणातून मायकेल लिंडसे-हॉग या दिग्दर्शकाचा सुमारे ८० मिनिटांचा ‘लेट इट बी’ हा माहितीपट मे १९७० मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर ५१ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच रिळांमधून पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाने ‘गेट बॅक’ ही तीन भागांची, जवळपास ८ तासांची मालिका सिद्ध केली. पहिला माहितीपट पाहणाऱ्याला एक मोडकळीस आलेले घर दिसते. दुसरा पाहणाऱ्याला तेच घर कुरबुरींसह नांदताना दिसते. माणसे तीच, जागा त्याच, अंगावरचे कपडेदेखील तेच.

एकाच साधनसंग्रहातून परस्परविरुद्ध वाटणारे दोन इतिहास निर्माण झाल्याची उदाहरणे इतिहासाच्या अभ्यासकास नवीन नाहीत. तथापि दोन्ही इतिहास आणि मूळ साधनांचाही बराच मोठा भाग वाचकासमोर उघडा आहे, असे क्वचितच घडते. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल कागदाला अधिक मोल दिले आणि मराठीतील साधनचिकित्सा बव्हंशी त्या भूमिकेवर उभी राहिली. येथे अडचण अशी आहे, की दोन्ही पक्ष अस्सल कागदच पुढे करतात. बीटल्सच्या विघटनाची जी कथा १९७० नंतर रूढ झाली, ती मूळ चित्रणात कितपत आहे आणि नंतरच्या घटनांनी ती त्याच्यावर कितपत चढवली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

योजना आणि तिची घाई

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी या बँडचा दोन तबकड्यांचा मोठा अल्बम प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नसताना, २ जानेवारी १९६९ रोजी, चौघेजण लंडनजवळील ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत नव्या गाण्यांसाठी जमले. ऑगस्ट १९६६ पासून त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केलेला नव्हता. नवी गाणी बसवावयाची, ती श्रोत्यांसमोर सादर करावयाची, त्या कार्यक्रमाचे दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण करावयाचे आणि सरावाचेही थोडे चित्रण जोडीला घ्यावयाचे, अशी मूळ योजना होती. एकावर एक थर चढवून केलेल्या ध्वनिमुद्रणाऐवजी चौघांनी एकत्र वाजवलेले संगीत जसेच्या तसे द्यावयाचे, असाही संकल्प होता.

या योजनेला लागलेली घाई तिच्या पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. रिंगो स्टार हा तालवादक ‘द मॅजिक ख्रिश्चन’ या चित्रपटात भूमिका करीत होता आणि फेब्रुवारीच्या आरंभी त्याला तिकडे हजर व्हावयाचे होते. म्हणजे गाणी रचणे, बसवणे आणि सादर करणे हे सर्व एका महिन्यात उरकणे भाग होते. शिवाय स्टुडिओ चित्रपटांचा, त्यामुळे कामाची वेळ सकाळची. रात्री उशिरापर्यंत ध्वनिमुद्रण करण्याची सवय असलेले कलावंत थंडीच्या दिवसांत सकाळी एका अवाढव्य, रिकाम्या दालनात येऊन बसत आणि समोर कॅमेरे चालू असत. त्या दिवसांतील उदासपणाचे श्रेय परस्परवैराला देण्यापूर्वी या साध्या गोष्टी विचारात घ्यावयास हव्यात.

कार्यक्रम कोठे करावयाचा, हेही ठरेना. लिबियातील साब्राथा येथील प्राचीन रोमन नाट्यगृहाचा विचार झाला, श्रोत्यांनी भरलेल्या जहाजाचाही झाला. १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन बँड सोडून निघून गेला. त्यानंतरच्या बैठकांत समेट झाला आणि २१ जानेवारीपासून काम लंडनमधील ३, सॅव्हिल रो या स्वतःच्या अ‍ॅपल कंपनीच्या इमारतीतील तळघरात सुरू झाले. तेथे उभारलेला नवा स्टुडिओ निरुपयोगी ठरल्याने ईएमआय कंपनीकडून सामग्री आणावी लागली. २२ जानेवारीला अमेरिकन वादक बिली प्रेस्टन येऊन मिळाला. अखेर ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटांचा कार्यक्रम झाला, पोलीस वर आले आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या गाण्यांच्या मुद्रणाने हा महिना संपला.

येथे एक तपशील नोंदवणे अगत्याचे आहे. हा बँडचा शेवटचा अल्बम मानला जात असला, तरी त्यानंतर त्यांनी ‘अ‍ॅबी रोड’ हा अल्बम मुद्रित करून सप्टेंबर १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आधी मुद्रित झालेला अल्बम नंतर बाहेर आला, आणि प्रकाशनाचा क्रम हाच लोकांच्या मनात घटनांचा क्रम होऊन बसला.

साधनांचे स्वरूप

चित्रीकरण १६ मिलिमीटर फितीवर दोन कॅमेऱ्यांनी होत असे आणि ध्वनीसाठी प्रत्येक कॅमेऱ्यास एक याप्रमाणे नाग्रा बनावटीची दोन यंत्रे होती. कॅमेऱ्याचे रीळ दहाअकरा मिनिटांत संपे, ध्वनियंत्राचे त्याहून अधिक चाले. कॅमेरे बंद असतानाही ध्वनियंत्र पुष्कळदा चालूच ठेवले जाई. परिणामी आज सुमारे ६० तासांचे चित्रण आणि सुमारे १५० तासांचे ध्वनिमुद्रण अशी विषम सामग्री उपलब्ध आहे. अर्ध्याहून अधिक संभाषण केवळ ऐकू येते, त्याचे दृश्य अस्तित्वातच नाही. रिळांचे क्रमांक तोंडी उच्चारून नोंदवले जात असल्याने या फितींचा कालक्रम बऱ्याच अंशी लावता येतो, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

मूळ फितींपैकी अनेक चोरीस गेल्या आणि त्यांच्या चोरट्या ध्वनिमुद्रिका अनेक वर्षे बाजारात फिरत राहिल्या. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी अ‍ॅमस्टरडॅम येथे सुमारे ५०० फिती हस्तगत केल्या. तत्पूर्वीच, चोरट्या मुद्रिकांच्या आधारे, डग सल्पी आणि रे श्वाइगहार्ट या दोघांनी त्या महिन्याची दिवसवार नोंद असलेला ग्रंथ १९९४ मध्ये तयार केला होता. पुढे १९९७ मध्ये तो व्यापारी आवृत्तीत निघाला, तेव्हा त्याच्या शीर्षकात या प्रकल्पासाठी ‘सर्वनाश’ अशा अर्थाचा शब्द होता. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जॅक्सनची मालिका निघाल्यावर, मूळ सामग्री प्रथमच पूर्णपणे पाहिल्यामुळे इतिहास बदलला, असे पुष्कळांनी म्हटले. परंतु त्याच सामग्रीचा मोठा भाग तास न् तास ऐकून तिची बारकाईने नोंद करणाऱ्या अभ्यासकांना त्यात सर्वनाशच ऐकू आला होता. साधने वाढली एवढ्याने अर्थ बदलत नाही. कोणत्या कथेच्या अपेक्षेने ती वाचली जातात, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

‘लेट इट बी’ : प्रदर्शनाच्या क्षणाचा चित्रपट

लिंडसे-हॉगच्या माहितीपटात निवेदन नाही, तारखा नाहीत, कोण कोण आहे हे सांगणाऱ्या पाट्याही नाहीत. जॉर्ज बँड सोडून गेल्याचे त्यात दाखवलेले नाही. ६ जानेवारीचा पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज यांच्यातील वाद मात्र आहे. गिटार कशी वाजवावी याविषयी पॉल सूचना करतो आणि जॉर्ज थंडपणे, तू सांगशील ते वाजवीन, नको असेल तर वाजवणारही नाही, अशा अर्थाचे उत्तर देतो. संदर्भाविना उभे केलेले हे काही क्षण पुढे अर्धशतक बीटल्सच्या विघटनाचा पुरावा म्हणून वापरले गेले. गंमत अशी, की मोठी घटना वगळली गेली आणि लहान घटना तिच्या जागी जाऊन बसली.

या चित्रपटाचा अर्थ त्याच्या संकलनापेक्षाही त्याच्या प्रदर्शनाच्या तारखेने ठरवला. चित्रीकरण संपले जानेवारी १९६९ मध्ये. २० सप्टेंबर १९६९ रोजी जॉन लेननने आपण बँड सोडत असल्याचे सहकाऱ्यांना खासगीत सांगितले. १० एप्रिल १९७० रोजी पॉल बाहेर पडल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली. ८ मे रोजी अल्बम प्रसिद्ध झाला आणि १३ मे रोजी न्यूयॉर्क येथे चित्रपट प्रदर्शित झाला. लंडनमधील पहिल्या खेळाला चौघांपैकी कोणीही गेले नाही. बातमी महिनाभरापूर्वी वाचून आलेल्या प्रेक्षकाने पडद्यावरील प्रत्येक जांभईत आणि प्रत्येक अबोल्यात शेवटाची चाहूल पाहिली, यात त्याचा दोष नाही. परंतु जांभया देणाऱ्या माणसांना तो शेवट ठाऊक नव्हता, हे इतिहासकाराने विसरावयाचे नसते.

सहभागी व्यक्तींच्या आठवणीही याच काळात घडल्या. ते दिवस अत्यंत दुःखाचे होते, असे सांगणारी लेननची प्रदीर्घ मुलाखत डिसेंबर १९७० मध्ये घेतली गेली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पॉलने भागीदारी संपुष्टात आणण्यासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. भांडण कोर्टाच्या दारापर्यंत पोहोचले असताना दोन वर्षांपूर्वीच्या एका महिन्याविषयी दिलेली साक्ष ही त्या महिन्यापेक्षा साक्षीच्या क्षणाविषयी अधिक सांगते. पुढील चरित्रग्रंथांनी मात्र ती प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून उद्धृत केली. साक्ष प्रत्यक्षदर्शीची होती खरी, पण ती समकालीन नव्हती. हा भेद आपल्याकडील बखरींच्या चर्चेमुळे मराठी अभ्यासकास चांगला परिचित आहे.

चित्रपटाने अल्बमही घडवला, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. जॉर्जचे ‘आय मी माइन’ हे गाणे जानेवारी १९६९ मध्ये केवळ सरावापुरते वाजवले गेले होते. परंतु सरावाचे ते दृश्य चित्रपटात आले आणि चित्रपटात असलेले गाणे अल्बममध्ये हवे म्हणून ३ जानेवारी १९७० रोजी ते रीतसर मुद्रित करण्यात आले. त्या दिवशी लेनन हजर नव्हता. ज्या प्रक्रियेचे चित्रण करावयाचे, ती प्रक्रियाच चित्रणाने पुढे रेटली. दरम्यान ग्लिन जॉन्स या तंत्रज्ञाने १९६९ मध्ये तयार केलेला अल्बमचा आराखडा नाकारला गेला होता. फिल स्पेक्टर याने १९७० मध्ये काही गाण्यांवर वाद्यवृंद आणि समूहस्वर चढवले आणि जसेच्या तसे संगीत देण्याचा मूळ संकल्प तेथेच संपला. स्पेक्टरचे हे थर काढून टाकलेली आवृत्ती नोव्हेंबर २००३ मध्ये निघाली आणि जॉन्सचा आराखडा अधिकृतपणे बाहेर यावयास २०२१ साल उजाडले.

लिंडसे-हॉगवर उदास चित्रपट काढल्याचा ठपका अनेक वर्षे ठेवला गेला. तो अन्यायाचा आहे. तो ज्यांच्यावर चित्रपट काढीत होता तेच त्याचे मालक होते आणि काय दाखवावयाचे यावर त्यांचा शब्द अखेरचा होता. ८ मे २०२४ रोजी त्याचा चित्रपट सुधारित प्रतीच्या रूपात पुन्हा उपलब्ध झाला. विघटनाची बातमी बाजूला ठेवून तो आज पाहिला तर त्यात हसणे, थट्टा आणि जॉन-पॉल यांचे एका ध्वनिग्राहकावर तोंडाला तोंड लावून गाणे पुष्कळ आहे. ते पूर्वीही होते.

‘गेट बॅक’ : दिनदर्शिकेचा इतिहास

जॅक्सनने केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल साधा आहे. त्याने तारखा परत आणल्या. पडद्यावर जानेवारीचे पान येते, संपलेल्या दिवसावर काट मारली जाते आणि उद्याचे काय, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात राहतो. शेवट ठाऊक असलेल्या कथेत अनिश्चितता परत आणण्याचे काम कालक्रमाने केले. ७ जानेवारीच्या सकाळी लेनन अद्याप आलेला नसताना पॉल गिटारवर एकच ठेका पुन:पुन्हा धरतो, जॉर्ज आणि रिंगो समोर बसलेले आहेत, जॉर्ज जांभई देतो आणि काही मिनिटांत शून्यातून ‘गेट बॅक’ या गाण्याचा सांगाडा उभा राहतो. १९७० च्या चित्रपटात हे दृश्य नव्हते. निर्मितीचा क्षण आणि कंटाळ्याचा क्षण एकच असू शकतो, हे या दृश्याने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही चरित्रात झालेले नाही.

जॉर्जचे जाणे या मालिकेत दाखवले आहे आणि त्यानंतरचे दिवसही. १३ जानेवारीला स्टुडिओच्या उपाहारगृहात जॉन आणि पॉल जॉर्जविषयी बोलतात. तेथील एका फुलदाणीत लिंडसे-हॉगने ध्वनिग्राहक दडवून ठेवला होता. दृश्य नाही, केवळ आवाज आणि पडद्यावर उमटणारी अक्षरे. जखम चिघळू दिली आणि तिला साधी पट्टीही बांधली नाही, अशा आशयाची कबुली लेनन तेथे देतो. त्याच दिवशी पॉल इतरांसमोर विनोदाने म्हणतो, की पन्नास वर्षांनंतर लोक म्हणतील, योको ध्वनिवर्धकावर बसली म्हणून हे वेगळे झाले. योको ओनो हिला विघटनाची कारण ठरवणारी लोककथा प्रत्यक्षात येण्याआधीच तिची थट्टा करून ठेवणारा हा पुरावा १५० तासांच्या फितींत पडून होता.

एक तुलना येथे उपयुक्त ठरेल. ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगोदेखील बँड सोडून गेला होता आणि सुमारे दोन आठवड्यांनी परतला. त्या वेळी कॅमेरा नव्हता. त्यामुळे रिंगोचे जाणे चरित्रांत एखाद्या परिच्छेदापुरते राहिले आणि जॉर्जचे जाणे हे ‘अंताची सुरुवात’ ठरले. ज्या घटनेचे चित्रण झाले ती ऐतिहासिक, जिचे झाले नाही ती किरकोळ, असा हा व्यवहार आहे.

जॅक्सनच्या मालिकेबाबतही साधनचिकित्सेचे तेच निकष लावावयास हवेत, आणि या बाबतीत तिचे कौतुक करणारे बहुतेक लेखन कमी पडते. पहिली बाब दृश्य आणि ध्वनी यांच्या जोडणीची. जेथे केवळ आवाज उपलब्ध होता, तेथे अन्य क्षणांची दृश्ये त्यावर लावण्यात आली आहेत. एखाद्या वाक्यावर श्रोत्याच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव त्या वाक्याला दिलेला प्रतिसाद असेलच, असे त्यामुळे म्हणता येत नाही. मालिकेच्या आरंभी संकलनात अनेक निवडी कराव्या लागल्याची सूचना दिली आहे, परंतु कोणत्या जागी काय केले हे सांगणाऱ्या तळटीपा चित्रपटाला नसतात. इतिहासग्रंथ आणि माहितीपट यांतील हा अंतराय तंत्रज्ञान कितीही सुधारले तरी कायम आहे.

दुसरी बाब आवाजांच्या पृथक्करणाची. नाग्रा फितींवर सारे आवाज एकाच पट्टीवर मिसळलेले होते. जॅक्सनच्या चमूने संगणकाला प्रशिक्षण देऊन गिटार, तालवाद्ये आणि बोलणे वेगवेगळे काढण्याची पद्धत विकसित केली. याच पद्धतीने पुढे लेननचा जुना गळा वेगळा काढून नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे गाणे प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्यासमोर खासगी बोलावयाचे झाल्यास हे कलावंत मुद्दाम गिटार वाजवून आपले बोलणे झाकीत, असे जॅक्सनने सांगितले आहे. म्हणजे जे झाकले जावे अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, तेच आज सर्वाधिक मौल्यवान साधन ठरले. फुलदाणीतील ध्वनिग्राहकाचेही तेच. बोलणाऱ्या दोघांपैकी एक १९८० मध्ये मारला गेला आणि ज्याच्याविषयी ते बोलत होते तो २००१ मध्ये वारला.

तिसरी बाब मालकीची. मालिकेच्या निर्मात्यांत पॉल, रिंगो, योको ओनो आणि ऑलिव्हिया हॅरिसन यांची नावे आहेत. आपल्याला कोणतीही काटछाट सुचवली गेली नाही, असे जॅक्सनने सांगितले असून त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तरीही दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी कोणाला आणि केव्हा आत घ्यावयाचे हे ठरवले, ही वस्तुस्थिती उरते. १९७० मध्ये चौघांना एकमेकांपासून सुटावयाचे होते. २०२१ मध्ये वारसांना आणि हयात दोघांना मैत्रीची आठवण हवी होती. दोन्ही चित्रपट आपापल्या काळाच्या गरजेस धरून आहेत. कालक्रम आणि संदर्भ यांबाबत जॅक्सनची मांडणी निःसंशय अधिक विश्वसनीय आहे, तिचा एकंदर प्रसन्न सूर मात्र तितक्याच सावधपणे स्वीकारावयास हवा. २८ जानेवारीला लेनन अ‍ॅलन क्लाइन या व्यवस्थापकाविषयी भारावून बोलताना दिसतो आणि ग्लिन जॉन्स त्या माणसाविषयी शंका व्यक्त करतो. पुढील कोर्टकचेरीचे मूळ त्या दोनतीन मिनिटांत आहे, पण मालिकेची चाल गच्चीच्या दिशेने असल्याने ती तेथे रेंगाळत नाही.

एका गाण्याचे समकालीन संदर्भ

संदर्भ काढून घेतल्यास साधन कसे उलटे बोलते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘गेट बॅक’ हेच गाणे आहे. त्याच्या आरंभीच्या खर्ड्यांत पाकिस्तानी स्थलांतरितांचा उल्लेख होता आणि त्यांनी परत जावे असा सूर होता. चोरट्या ध्वनिमुद्रिकांतून हा खर्डा जेव्हा बाहेर पडला, तेव्हा बीटल्सवर वंशद्वेषाचा संशय घेतला गेला.

हा खर्डा कोणत्या हवेत तयार झाला, हे पाहणे आवश्यक आहे. केनियातील आशियाई रहिवासी ब्रिटिश पारपत्रावर इंग्लंडला येऊ लागले, तेव्हा त्यांना रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेने अवघ्या काही दिवसांत कायदा संमत केला. तो १ मार्च १९६८ रोजी अमलात आला. पूर्व आफ्रिकेतील या समाजात गुजराती आणि पंजाबी कुटुंबे होती, तशीच गोव्याहून गेलेलीही होती. २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल या हुजूर पक्षाच्या खासदाराने बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्ध अतिशय प्रक्षोभक भाषण केले. पक्षनेतृत्वाने त्याला पदावरून दूर केले, पण गोदी कामगारांनी त्याच्या समर्थनार्थ मोर्चे काढले. जानेवारी १९६९ च्या पूर्वार्धात, म्हणजे बीटल्स ट्विकनहॅममध्ये सराव करीत असतानाच, राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद लंडनमध्ये भरली होती. वृत्तपत्रे या विषयाने भरलेली होती आणि ती स्टुडिओत येत होती.

९ जानेवारीला पॉल आणि जॉन पॉवेल व राष्ट्रकुल यांवर उत्स्फूर्त विडंबनगीत गातात. पॉवेलच्या अनुयायांचा आवाज काढून त्यांची टर उडवणे, हा त्या गाण्याचा आणि ‘गेट बॅक’च्या खर्ड्याचाही हेतू होता. जॅक्सनने वर्तमानपत्रांचे संदर्भ सोबत देऊन हे स्पष्ट केले. पुढे हा उल्लेख गाण्यातून गळाला आणि एप्रिल १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीत त्याचा मागमूसही नव्हता. उपहास सरळ अर्थाने घेतला जाईल, ही शक्यता लक्षात घेता तो गळला हे बरेच झाले. मात्र उपहासाचा हेतू मान्य करूनही एक गोष्ट राहते. ज्यांच्याविषयी हा विनोद चालला होता, त्यांच्यापैकी कोणीही त्या खोलीत नव्हते. जॅक्सनची मालिका या प्रश्नाला स्पर्श करीत नाही.

चित्रण नसलेला जानेवारी

त्या खोलीतील जॉर्जची स्थिती समजून घेण्यासाठी आणखी एक वर्ष मागे जावे लागते. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज मुंबईत होता. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने एचएमव्ही कंपनीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसमवेत काही दिवस ध्वनिमुद्रण केले. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर त्या अल्बमवर आहे आणि श्रेयनामावलीत बासरीसाठी एस. आर. केंकरे यांचेही नाव येते. तेथे रचना ठरवणारा, वाद्ये निवडणारा आणि मुद्रण मान्य करणारा जॉर्ज स्वतः होता. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले आणि ते मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर प्रसिद्ध झाले. ‘वंडरवॉल’चे संगीत नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाले, म्हणजे ट्विकनहॅमच्या सरावापूर्वी दोनच महिने. बीटल्सपैकी कोणीही स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेला तो पहिला अल्बम होय.

हा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाला गिटारचा प्रत्येक स्वर कसा काढावा हे सांगितले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ६ जानेवारीचा वाद दोन मित्रांच्या चिडचिडीपेक्षा वेगळा दिसू लागतो. त्याच महिन्यात त्याने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे आपले गाणे चौघांसमोर अनेकदा ठेवले. ते बसवण्याचा प्रयत्न झाला आणि सोडून दिला गेला. नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच नावाचा तीन तबकड्यांचा अल्बम त्याने स्वतंत्रपणे काढला.

ट्विकनहॅममधील त्या वादाचा शब्द न् शब्द आज वाचता येतो, कोणी कोणत्या क्षणी कोठे पाहिले हेही दाखवता येते. मुंबईतील त्या दिवसांचे असे चित्रण उपलब्ध नाही. वादकांची नावे अल्बमवर आहेत. जॉर्जने त्यांना काय सांगितले, त्यांनी त्याला काय सुचवले, भाषेची अडचण कशी निभावली, यांतील फारच थोडे फितीवर उरले आहे. २०१४ च्या पुनर्प्रकाशनात ‘द इनर लाइट’चे एक पर्यायी मुद्रण समाविष्ट झाले, त्यात वादकांशी चाललेले स्टुडिओतील थोडेसे बोलणे ऐकू येते.